चिमूटभर भस्म

दवाखान्यातला फोन आला तेव्हा मी मधाची बाटली पुसत होते. माझी धाकटी बहीण कमळा तिथून घरी आली, की तिचं भस्म पुन्हा सुरू करायचं मी ठरवलं होतं. ती आलीच नाही... याला आता दोन महिने होतील.

आमच्या आंजी गावच्या मळ्यात मेथीच्या जुड्या कमळाइतक्या झटपट कोणी बांधत नसे. तिचे गुडघे दुखायचे म्हणून मीच एका वैद्याकडून सुवर्णभस्म आणलं. सोन्याचे नॅनो कण, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक, असं तो म्हणाला. चाळीस दिवस रोज एक चिमूट. एक दिवस चुकला तर नेम पहिल्यापासून. असे तीन फेरे करायचे होते. कमळा विसरभोळी, म्हणून सकाळच्या चहानंतर मीच मधात कालवून चाटवायची. ती तोंड वाकडं करून म्हणायची, "ताई, लहानपणी तू मले एरंडेल पाजे, आता सोनं चाटवून राह्यली."

दुसऱ्या फेऱ्यात तिचं पोट दुखू लागलं. मग मनगटं लुळी पडली, जुडीची गाठ बसेना. तिची मुलगी मेघा नागपूरच्या प्रयोगशाळेत असल्याच बारीक भुकट्या तपासते. भुकटीवर एक्स-रे सोडले की प्रत्येक धातू आपापल्या परीनं चमकतो, त्यावरून आत काय आणि किती ते कळतं, असं तिनं मला समजावलं होतं. तिनं तीनदा भस्माची डबी मागितली. कमळाही म्हणाली, "देऊन टाक ना ताई, पोरगी एवढी म्हणते तं." मला वाटलं, तपासायचं म्हणजे जाळणार, विरघळवणार. नेम मोडणार. मी म्हटलं, "चिमूटभरही कमी होऊ देणार नाई." पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी नाही म्हणून सांगितलं. भस्म बंद करतील, ही भीती.

कमळाची तेरवी झाल्यावर मेघानं न विचारता डबी नेली. आठवड्यानं परत आणली. सोनं नव्हतंच. शिसं होतं, भरपूर, थोडा पारा. कण खरंच तेवढे बारीक आहेत का, ते दुसऱ्या मशीनवर पाहावं लागतं. ते तिनं पाहिलं नाही. डबी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मावशी, या मशीनमधी काही जळत नाई, काही सरत नाई. मोजून घे. चिमूटभरही कमी नाई."

त्यानंतर ती आलेली नाही.

डबी फळीवर आहे, मधाच्या बाटलीशेजारी. वावरात टाकली तर भाजीत येईल, विहिरीत टाकली तर पाण्यात. आत अकरा दिवसांचं भस्म उरलं आहे... सकाळचा चहा झाला, की माझा हात अजून फळीकडे जातो.