चिंचेपर्यंतचं पाणी

दिग्रसला ओव्हरसियर म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. साठ सालानंतरची ही गोष्ट. काही मैलांवर एका नाल्यावर पूल व्हायचा होता, आणि पन्नास वर्षांत एकदा येणारा पूर किती उंच चढेल ते काढायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. नाल्याचं पाणी कोणी कधी मोजलेलं नव्हतं. तहसिलीत पावसाची रजिस्टरं तेवढी होती. मी दर वर्षाचा सगळ्यात मोठा पाऊस उतरवून घेतला, आलेखाच्या कागदावर मांडला. त्यातलं किती मुरेल, किती वाहील याचा आकडा पुस्तकातून उचलला. जी उंची आली तिथे काठावर खुंटी ठोकली. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

जवळच्या बंजारा तांड्यातली एक म्हातारी तिथे शेळ्या चारायची. तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. खुंटी कशाची ते तिनं विचारून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसली. इतकं पाणी तर दोन-तीन सालाआड येतं, म्हणाली. मग काठी टेकत मला वर चिंचेपाशी नेलं आणि खोडावर हात ठेवला. मधली लेक पंधरा दिवसांची होती तेव्हा पाणी इथवर आलं होतं. तिला पाठीशी बांधून याडी टेकडीवर चढली होती.

मला ते खरं वाटेना. लेकीच्या वयावरून साल काढलं, रजिस्टर उघडलं. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास पाऊस मोठा होता, पण सगळ्यात मोठा नव्हता. माझ्या हिशेबानं चिंचेचं मूळही भिजायला नको होतं. मी परत गेलो आणि एवढं पाणी आलं कुठून, ते तिलाच विचारलं.

"बापू, पोळ्याच्या वक्ताले काळी जमीन पिऊन पिऊन भरून रायते," ती म्हणाली. "मंग थेंबही घेत नाही. पडलं तेवढं नाल्यात."

पुस्तकातला आकडा दुसऱ्याच कुठल्या मातीचा होता. मी लेव्हलची दुर्बीण लावून खोडावरची खूण मोजली आणि त्या वर्षीच्या पावसातून तेवढं पाणी निघेपर्यंत आकडा बदलत राहिलो. याडीला आठवणारे आणखी दोन पूर त्याच आकड्यानं काढून पाहिले. दोन्ही तिच्या खुणांच्या वीतभर इकडेतिकडे बसले. कागदावरचा पूल चांगला पुरुषभर वर गेला.

साहेबांनी आधार विचारला. तांड्यातली एक म्हातारी, असं मी सांगितलं. सोमवारी ते स्वतः जीप घेऊन आले, चिंचेखाली बसून सगळं तिच्या तोंडून ऐकलं आणि तिथंच मांडीवर कागद ठेवून सही केली.

पूल झाल्यावर तिसऱ्या वर्षी मोठी झड लागली. मी सायकलनं गेलो. आधीच्या हिशेबाचा पूल बुडाला असता. या पुलाखाली अजून दोन हात जागा होती. याडी शेळ्या घेऊन कठड्याशी उभी होती. ती शाबासकी देईल असं मला वाटलं.

"हा काही मोठा पूर नोहे," ती म्हणाली. "जेवला काय?"

तिनं गाठोडं सोडलं आणि भाकरीचा अर्धा तुकडा ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवला.