तीनशे माणसांचा पास्टर

माझ्या आईला उपदेश चालू असताना मध्येच बोलायची सवय आहे. ती आता एक्याऐंशी वर्षांची आहे, त्यामुळे सुधारण्याची शक्यता नाही. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, अंबरनाथच्या आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत सुरू झाली तेव्हा आम्ही नऊ जण होतो आणि पास्टर नुकताच बायबल कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण होता. एकदा तो अगदी रंगात येऊन सांगत होता, की योना संदेष्टा रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने देवाकडे मरण मागितलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पास्टर, रतामाचं झुडूप एलीयाचं. योनाचा वेल होता."

सगळे हसले. पास्टरही हसला, बायबल चाळून पाहिलं आणि म्हणाला, "आई बरोबर आहेत." तेव्हा तो तिला आई म्हणायचा.

हे ऐकून कोणाला वाटेल, की तो तेव्हा फार नम्र होता. तसं काही नव्हतं. वीस-पंचवीस माणसं झाली तोवर त्याने आमच्या घराघरांत पाय पसरले होते. कोणाच्या मुलीचं लग्न कुठे ठरवायचं, कोणी गावी किती दिवस राहायचं, खोलीतल्या खुर्च्या कोणत्या भिंतीला लावायच्या, सगळं तोच ठरवणार. मला मोरिवलीच्या एका कंपनीत डिस्पॅचच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हा तो संध्याकाळी घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "ही नोकरी नको. कधीकधी रविवारी बोलावतात तिथे. मी प्रार्थना केली, मला शांती वाटत नाही."

आई म्हणाली, "नोकरी तिला करायची आहे. तुम्हाला शांती कशाला हवी?"

तो दोन आठवडे आमच्याशी नीट बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण दर रविवारी आमच्याच खोलीत यायचं होतं. छोट्या मंडळीचा एवढा एक फायदा मी पाहिलाय. रुसलेल्या पास्टरला लपायला जागा नसते.

लोक वाढले, आम्ही आधी एका शाळेच्या वर्गात आणि मग उल्हासनगरला गेलो. फर्निचर मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल मिळाला. सिंधी कुटुंबं यायला लागली, हिंदी बोलणारे आले, मराठी गाणी सातावरून दोनवर आली. याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं यावीत म्हणूनच आम्ही प्रार्थना केली होती. तक्रार त्याच्याबद्दल आहे. माणसं वाढत गेली तसा तो आमच्यापासून एकेक पाऊल मागे सरकत गेला, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आवडत होतं.

मग तो बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवसांच्या शिबिराला गेला. पास्टर लोकांना चर्च मोठं कसं करायचं ते शिकवणारं शिबिर. बाहेरून एक ट्रेनर आला होता. आमचा पास्टर एक फाइल घेऊन परतला आणि पुढच्या शनिवारी आम्हा पंधरा जणांना बोलावून त्याने पांढऱ्या फळ्यावर चित्र काढलं. खाली पुष्कळ ठिपके, मध्ये थोडे मोठे ठिपके, सगळ्यात वर एक गोल.

"छोट्या चर्चचा पास्टर मेंढरं सांभाळतो," तो म्हणाला. "मोठ्या चर्चचा पास्टर मेंढपाळ सांभाळतो. मी प्रत्येकाच्या घरी जात राहिलो तर चर्च आहे तेवढंच राहणार. आता घरी तुम्ही जायचं. मी तुम्हाला सांभाळणार."

यात चूक काही नाही, हे मलाही कळतं. तोवर आम्ही तीनशे झालो होतो; एका माणसाला एवढी घरं होत नाहीत. माझ्या ऑफिसात सुद्धा मॅनेजर स्वतः खोकी मोजत नाही. पण हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका होती ती मी पाहिली. दमलेल्या माणसाची सुटका वेगळी असते. ही कंटाळलेल्या माणसाची होती.

आम्हा पंधरा जणांना गळ्यात घालायची ओळखपत्रं मिळाली. माझ्या ओळखपत्रावर लिहिलं होतं, झोन लीडर. मी ते ओळखपत्र रविवारी घरूनच घालून निघायची. रिक्षात बसताना ते दिसावं म्हणून ओढणी बाजूला घ्यायची. पास्टरला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून हेही सांगून टाकते.

त्या काळात आमच्या मंडळीत एक बाई होत्या, कानसई भागात राहणाऱ्या. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा दारू प्यायला लागलेला, आईवर हात उचलायला लागलेला. त्यांना पास्टरशी बोलायचं होतं. त्या पहिल्या पंचवीस जणांतल्या होत्या, त्यांच्या लग्नात पास्टरनेच प्रार्थना केली होती. आता त्यांना सांगण्यात आलं, की आधी ग्रुप लीडरशी बोला, ग्रुप लीडर झोन लीडरशी बोलेल, झोन लीडर ऑफिसात नाव देईल. झोन लीडर म्हणजे मी. मी नाव दिलं. तीन आठवडे झाले, वेळ मिळाली नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ऑफिसात बसणारी मुलगी म्हणाली, "सर इस वीक रेकॉर्डिंग में हैं, दीदी." सर. आमचा पास्टर सर झाला होता.

त्याच रविवारी त्याने मोशेच्या सासऱ्यावर उपदेश केला. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसतो, सासरा इथ्रो त्याला म्हणतो की तू थकशील, हजारांवर, शंभरांवर, दहांवर नायक नेम. पास्टरने ती फळ्यावरच्या चित्रासारखीच सांगितली. मागे पडद्यावर ठिपके आले. "देवाची योजनाच अशी आहे," तो म्हणाला. "मोशेने हे ऐकलं नसतं तर सगळी प्रजा रानातच अडकली असती."

दुसऱ्या रांगेत आई उभी राहिली. तिला उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं.

"पास्टर, पुढचं वचन वाचा," ती म्हणाली. "अवघड प्रकरणं मोशेकडेच आणायची असं लिहिलंय. कानसईच्या बाई तीन आठवडे थांबल्यात. त्यांचं अवघड आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. झुडूप कोणाचं ते सांगावं तशी ती बोलली. पण त्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती, त्यातल्या निम्म्यांना ही म्हातारी कोण ते माहीत नव्हतं, आणि कोणी हसलं नाही. पास्टर स्टेजवरून म्हणाला, "थँक यू सिस्टर, आपण नंतर बोलू." ओळखपत्र घातलेला एक स्वयंसेवक धावत आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आंटी, बैठ जाओ ना प्लीज." आई बसली. कानसईच्या बाई मागच्या रांगेतून उठून निघून गेल्या. त्यांची गोष्ट अशी चारचौघांत यायला नको होती, ही आईची चूक होती, आणि तिने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तिथे ती चार तास बसली. त्यांच्या मुलाच्या मामाला फोन लावून बोलावून घेतलं. मुलगा पुढे मामाकडे राहायला गेला. यातलं एकही काम पास्टरच्या फळ्यावर नव्हतं.

मंगळवारी मला मात्र लगेच वेळ मिळाली. पास्टरच्या केबिनमध्ये एसी होता. त्याने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"आईंचं वय झालं," तो म्हणाला. "दोन जिने चढायचे, गर्दी, आवाज. त्यांना घरूनच ऑनलाइन उपासना बघू द्या. त्यांच्यासाठीच बरं."

"आईला जिने चढता येतात," मी म्हणाले.

"तुम्ही लीडर आहात. लीडरने आधी आपलं घर सांभाळायचं असतं."

इतक्या वर्षांत जेवढा तिरस्कार मी त्याचा केला त्यापेक्षा जास्त त्या संध्याकाळी मला स्वतःचा करावा लागला, कारण मी घरी येऊन आईला सांगितलं, की डॉक्टरांनी तुझ्या गुडघ्यांचं ऐकून जिने बंद करायला सांगितलेत. डॉक्टरांना मी भेटलेच नव्हते. आईने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "बरं." पुढचे दोन रविवार ती मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून पास्टर बघत बसली. मध्येच एकदा काहीतरी बोलली, मग तिच्याच लक्षात आलं की ऐकायला कोणी नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. आईने स्वतःच विचारलं, "जिने चढले तर चालेल?"

"चढा की," डॉक्टर म्हणाले. "सावकाश चढा. बसून राहू नका."

परत येताना ती रस्त्यात थांबली. "तुला पास्टरने सांगितलं ना?"

"हो."

"आणि तू मला डॉक्टरचं नाव सांगितलंस."

तिने भाजीवाल्याकडे मेथीची जुडी घेतली, पानं पिवळी आहेत म्हणून परत ठेवली, दुसरी घेतली.

बुधवारी मी ओळखपत्र परत द्यायला गेले. पास्टर जिन्यापाशीच भेटला. मी म्हणाले, "हे घ्या. माझ्याच्याने होत नाही."

"सिस्टर, जरा मोठं बघायला शिका. तीनशे लोकांना मी वैयक्तिक ओळखू शकतो का?"

"तीनशे कोणी मागितले? नऊ होते, त्यांना तर तुम्ही ओळखत होतात."

"जुन्यात अडकून राहिलं की चर्च मरतं," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याने हात वर करून मला थांबायची खूण केली. मी थांबले नाही.

आईने तोवर आपली सोय पाहिली होती. बदलापूर गावात, जुन्या वस्तीत एका घराच्या ओटीवर बारा-चौदा माणसं जमतात हे तिला कानसईच्या बाईंनी सांगितलं होतं. पास्टर म्हणजे एका कंपनीतून रिटायर झालेला फिटर. पहिल्या रविवारी मी आईला घेऊन गेले, आणि खरं सांगते, तिथे काही वाईट निघावं अशी माझी इच्छा होती. निघालं. हा माणूस प्रत्येकाला कुठे बसायचं ते सांगतो. उशिरा आलेल्याकडे गाणं थांबवून बघतो. त्याचा उपदेश मशीन दुरुस्तीच्या सूचनांसारखा वाटतो. बायकोला सगळ्यांसमोर तो दोनदा म्हणाला, "तू मध्ये बोलू नकोस."

अर्ध्या तासात आई मध्ये बोलली. त्याने पौलाच्या पत्रातलं एक वाक्य पेत्राच्या नावावर खपवलं होतं.

फिटर भडकला. "कुठे लिहिलंय? दाखवा." आईने दाखवलं. त्याने चष्मा पुसून पाहिलं, मग म्हणाला की पेत्रानेही तसंच काहीतरी लिहिलंय. आई म्हणाली, "तसंच काहीतरी म्हणजे काय?" दोघं दहा मिनिटं वाद घालत राहिले, बाकीचे पानं उलटून आपापला पुरावा देत राहिले, आणि शेवटी त्याची बायको आतून म्हणाली, "आता प्रार्थना करा, चहा गार होतोय." त्याने मान्य काही केलं नाही. पण निघताना आईला म्हणाला, "पुढच्या वेळेला तुमचं जाड अक्षरांचं बायबल आणा. वाचायला बरं पडतं."

रिक्षात आई खुशीत होती. "माणूस हट्टी आहे," ती म्हणाली. "पण भांडतो तरी."

उल्हासनगरचं चर्च आता आणखी मोठ्या हॉलमध्ये गेलंय. मधल्या ठिपक्यांपैकी एकजण बरेच लोक घेऊन फुटला आणि त्याने बदलापूर पूर्वेला स्वतःचं सुरू केलं. त्याचे बॅनर लागलेत, त्यावर हात उंचावलेला त्याचा फोटो आहे, अगदी आमच्या पास्टरच्या पोजमध्ये. मला त्या दोघांचीही कीव येत नाही.

गेल्या रविवारी गावात दोन लग्नं होती, त्यामुळे ओटीवर आम्ही सातच जण होतो. फिटर पास्टर पाच मिनिटं रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग खुर्चीत बसला आणि नाराज होऊन म्हणाला, "सात माणसांपुढे काय बोलायचं?"

त्याची बायको गाण्याची पुस्तकं वाटत होती. तिने वर न बघता सांगितलं, "आहेत तेवढ्यांशी बोला. सुरू करा."

त्याने सुरू केलं. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा वाईट बोलला.