शीटवरचा लाल हात

लाल पेन्सिलीला टोक काढलं की त्या लाकडाच्या वासानं मी अजून चिडते. आज कॉलेजात एका विद्यार्थिनीचं प्रोजेक्टचं ड्रॉइंग तपासायला घेतलं आणि तेच झालं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी संत्री निवडायच्या मशीनचं ड्रॉइंग केलं होतं. अगदी खऱ्या मापाचं, आठ दिवस खपून. नागपूरच्या एप्रिलात घाम शाईवर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून. सरांनी ते पाहिलं, बोल्टच्या जागी स्वतःचा हात ठेवला आणि त्याभोवती लाल पेन्सिल फिरवली. बोटं थेट गिअरवर चढली.

"बोल्ट आवळाले हात कुठून घालशील वं?"

"सर, हे खरंच कुठं बनवायचंय? मार्कांपुरतं तर आहे."

"मंग मी काहून तपासून राहिलो?"

माझ्या आठ दिवसांवर तो लाल हात पसरला होता. घरी जाईपर्यंत मी सरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आज या मुलीनंही मला मार्कांचंच ऐकवलं. मी तिच्या खऱ्या मापाच्या, कोऱ्या करकरीत प्रिंटवर हात ठेवला आणि पेन्सिल फिरवली. तिचा चेहरा पडला. पण मी तरी काय करणार, बोल्ट पुन्हा तिथंच होता.