नावेतली पुतळी

माझे यजमान आखातात, देऱ्याच्या सोनेबाजारात गलाईचं काम करायचे. जुने दागिने मुशीत वितळवून सोन्याची लगड करायची. आमच्या सांगलीकडची पुष्कळ माणसं हेच करतात. मंदी आली त्या वर्षी कामाला खंड नव्हता. नोकऱ्या गेलेली कुटुंबं गावी परतण्याआधी सोनं मोडायची.

दुपारचा डबा घेऊन मी दुकानात जायचे आणि आत कोपऱ्यात बसायचे. गिऱ्हाइकाशी कधी बोलले नाही. शिकलेल्या बायकांपुढे तर माझा आवाजच फुटत नसे.

एकदा अल मजाजहून एक मराठी जोडपं आलं. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, मोबाइलवर खेळत बसलेली. साहेबांनी बांगड्या, साखळी आणि एक पातळ नाणं काढून दिलं. नाण्याला भोक होतं आणि खाचांत कुंकू बसलेलं. यजमानांनी ते बाजूला ठेवलं. मंगळसूत्राची वाटी किंवा माळेतली पुतळी असली, की बाईने स्वतःच्या तोंडाने 'घाला' म्हटल्याशिवाय ते मुशीत टाकत नसत. सासऱ्यांपासूनची रीत.

ते माझ्याजवळ आले. "पुतळी दिसतीय. हातोडीनं पाडलेली, कड वाकडीतिकडी. पण हिच्यावरची देवी नावेत उभी हाय."

"कोकणातली असंल," मी म्हटलं.

"तूच इचार बाईंना. नवरा शेजारी बसलाय, मी कसं इचारू?"

पदराने तोंड पुसून मी पुढे झाले. "ताई, ही पुतळी तुमच्या मनानं देताय न्हवं?"

बाईंनी वाकून पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, हे देवघरातून कधी काढलंत?" मग मला म्हणाल्या, "पुतळी नाही हो. इंग्लंडचं नाणं आहे, पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं. तो राजा आहे, तलवार घेतलेला. यांच्या गोऱ्या साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद. भोकामुळे किंमत उतरलेलं हे एक त्यांनी हिच्या बारशाला दिलं."

"सोनं ते सोनं," साहेब म्हणाले. "घाला हो. खलास."

मुलीने मोबाइल खाली ठेवला. "बोटवाला किंग? पपा, दॅट्स माइन."

बाई मला म्हणाल्या, "मग हिलाच विचारा."

मी विचारलं, "बाळ, वितळवायचं का?" तिला तो शब्द कळला नाही. मी भट्टीतल्या लाल मुशीकडे बोट केलं. तिने बराच वेळ तिकडे पाहिलं.

"नो."

साहेबांनीच नाणं उचलून तिच्या हातात दिलं. "घे. तुझ्या राजावाचून लगड काही फार हलकी होणार नाही."

बाकीचं मुशीत गेलं. बांगड्यांना आमच्यात ती रीत नाही, म्हणून बाईंना कुणी विचारलं नाही. लगड होईपर्यंत त्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढे मी दुकानात असले की बांगड्यांचंही विचारायचे. यजमान कुरकुरायचे, "अशानं धंदा बसंल आपला." पण मी विचारून होईपर्यंत ते थांबायचे.