टिकलीचे तीन रिलीव्हर

व्हिडिओत पार्किंगचा कोपरा होता. पाण्याच्या टाकीला पाठ लावून सात मुलं उभी, आणि त्यांच्यासमोर काळी-पांढरी कुत्री पोट जमिनीला टेकवून बसलेली. एखादं मूल डावीकडे सरकलं की ती डावीकडे, उजवीकडे सरकलं की उजवीकडे. भुंकत नव्हती, गुरगुरत नव्हती. शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी नुसती नजर ठेवून होती. सगळ्यात लहान, चार वर्षांचा ओम, पोटरी धरून रडत होता.

"हे जनावर सोसायटीत आनलं कुनी?" सेक्रेटरी अण्णांनी मोबाइल खिशात टाकत विचारलं.

प्रश्न ओमच्या वडिलांना, संतोष मोरेंना होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिसेस वैशालीताईंनी बघितलं. कोपऱ्यात बांधलेल्या कुत्रीनेही माझ्याचकडे बघितलं. पळायला जागा नव्हती.

मी डॉग ट्रेनर आहे. रावेतला राहतो. त्याआधी बावीस वर्षं चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होतो. माल तपासायचा आणि नाही म्हणायचं, हे माझं काम. नोकरी सोडली तरी ती खोड गेली नाही. कुठल्या जातीचं कुत्रं घ्यावं असं कुणी विचारलं की मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म काढतो. घर केवढं, लिफ्ट आहे का, मुलं किती, शेजारी कसे. दुसरे ट्रेनर फोनवर सांगून मोकळे होतात. मी घरी जाऊन ऑडिट करतो. याचा मला फार अभिमान होता.

आठ महिन्यांपूर्वी मोशीला मोरेंच्या घरी असाच गेलो होतो. संतोष एका कंपनीत असेंब्ली लाइनवर, मूळचे लातूरकडचे. वैशालीताई शाळेत शिक्षिका. मुलगी ईरा आठ वर्षांची आणि हा ओम.

"आम्ही लॅब्राडोर म्हणत होतो," वैशालीताई म्हणाल्या. "मुलांबरोबर शांत असतो म्हणे."

"लॅब सगळेच घेतात," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून निघालं.

मी मंगळवारी सकाळी गेलो, तेव्हा संतोष मुलांबरोबर मैदानावर पळून आले होते. खात्री करायला गुरुवारी न सांगता गेलो. तेव्हाही पळूनच आलेले. मी फॉर्मवर "घर अत्यंत ॲक्टिव्ह" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि बॉर्डर कॉली सुचवली.

ही मेंढ्या राखणारी जात. कळप पांगू द्यायचा नाही, एखादी मेंढी भरकटली तर वळसा घालून तिला परत आणायची, नाहीच ऐकलं तर टाचेशी हलकेच दात लावायचे. कमालीची हुशार. पण रोज ठरल्या वेळी तिला दमवावं लागतं. नाही दमवलं तर ती स्वतःच काम शोधते. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू आलं. ईराने नाव ठेवलं टिकली.

आणि आता टिकलीने काम शोधलं होतं.

मी अण्णांना समजावायला घेतलं. "अण्णा, हा ॲग्रेशनचा प्रकार नाही. याला हर्डिंग इन्स्टिंक्ट म्हणतात. जातीतच असतं. समोर हलणारा समूह दिसला की..."

अण्णा मूळचे गावातलेच. सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं. त्यांनी मला बोलू दिलं आणि म्हणाले, "पोरं वळतीया, आसंच ना?"

"हो. तेच म्हणतोय."

"आमच्या बापाचं कुत्रं गुरं आशीच वळायचं. मला बघताक्षनी कळलं. पर सर, हितं गुरं न्हाईत. पोरं हायेत. आन् पोराला दात लागल्यात."

कातडी फुटलेली नव्हती, टिकलीची इंजेक्शनं झालेली होती, तरी वैशालीताईंनी ओमला लगेच दवाखान्यात नेऊन आणलं होतं. पण अण्णांचं बरोबर होतं. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय एकच, टिकली राहणार की जाणार.

जिन्यात वैशालीताईंनी मला थांबवलं. "सर, खरं सांगा. जमणार नसेल तर उद्याच सांगा. आणि न्यायची असेल तर ईरा शाळेत असताना न्या."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वर जाऊन चहाला बसलो. मी संतोषना जरा कडक आवाजात विचारलं, "सकाळचं पळणं बंद केलंत ना?"

"नाही की सर. पळतो की. पर या आठवड्यात थर्ड हाय."

"थर्ड म्हणजे?"

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. मला माहीत असायलाच हवं होतं. संतोषच्या कंपनीत शिफ्ट दर आठवड्याला बदलते. फर्स्ट असली की पहाटे साडेपाचला कंपनीची बस. सेकंड असली की दुपारी जायचं, सकाळ मोकळी. थर्ड असली की रात्रभर काम, सकाळी घरी येऊन अंथरुणात पडायचं. माझं ऑडिट झालं तो आठवडा सेकंडचा होता. मंगळवारही आणि गुरुवारही.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलंच नाही की सर."

चाळीस प्रश्नांत तो नव्हता. कारण बावीस वर्षं मी जनरल शिफ्ट केली. साडेआठला आत, पाचला बाहेर. माझ्या लेखी सगळं जग साडेआठला उघडायचं.

एवढ्यात ईरा भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली. प्रत्येक आठवड्यावर वैशालीताईंनी पप्पांची शिफ्ट लिहिलेली, एफ, एस, टी. टिकलीने काही उद्योग केला की ईराने त्या तारखेवर पंजा काढलेला. एफ आणि टीच्या आठवड्यांत पंजेच पंजे. एसच्या आठवड्यांत एकही नाही.

"पप्पांचा एस असतो तेव्हा टिकली शहाणी असते," ती म्हणाली. "बाकी वेळी साडेसहाला पट्टा तोंडात धरून दारात बसते. कोणी जात नाही."

मी त्या कॅलेंडरसमोर बसून दोनदा चहा प्यायलो होतो.

क्वालिटीत नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, सॅम्पल तिन्ही शिफ्टचे घ्यायचे. एकाच शिफ्टचे घेतले तर लाइन छान चाललीय असं वाटतं आणि माल गिऱ्हाइकाकडून परत येतो. या एका चुकीवरून मी सप्लायरांना घाम फोडला होता. मी हे मोरेंना सांगितलं. संतोष पहिल्यांदा हसले. "म्हणजे रिजेक्शन तुमचंच की, सर."

"माझंच. आता बोला, तुमच्या लाइनवर माणूस घरी निघाला की मशीन कोण बघतं?"

"रिलीव्हर. तो आल्याबिगर मशीन सोडायचीच नाही." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आपल्याच बिल्डिंगीत भोसले आणि पवार हायत. माझ्याच कंपनीत. तिघांच्या तीन शिफ्टा."

म्हणजे कुठलाही आठवडा घ्या, तिघांतला एक सेकंडला. त्याची सकाळ मोकळी. इतका सरळ उपाय माझ्या डोक्यातून निघाला असं सांगायला आवडलं असतं, पण तो संतोषचा.

पवारांना डॉक्टरांनी चालायला सांगितलेलंच होतं. ते लगेच तयार झाले. भोसले अडले.

"भावा, मला कुत्र्याची भीती वाटते."

"तुझं पोरगं त्या सातात होतं," संतोष म्हणाले.

"म्हणून तर."

"म्हणून तर म्हणतो, एकदा ओळख करून घे."

रविवारी अण्णांनी एक महिना दिला. तोपर्यंत खाली पट्ट्याशिवाय सोडायची नाही, आणि एक जरी दात लागला तरी विषय संपला. मी रोज साडेसहाला मोशीला जायचो. तिघांना शिकवलं, आधी दमवायचं, मग चेंडू शोधायला लावून डोकं दमवायचं. मुलांना शिकवलं, टिकली जवळ आली की पळायचं नाही, हात बांधून झाड व्हायचं. झाड कुणाला वळता येत नाही. ओम इतका उत्तम झाड व्हायचा की जेवायला हाक मारली तरी हलायचा नाही. भोसले पहिले चार दिवस पट्टा साप धरल्यासारखा धरायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हिला बिस्किट चालतं का?"

दर रविवारी संध्याकाळी लिफ्टपाशी चार्ज दिला जायचा. पट्टा, चेंडू आणि ईराने केलेली वही. सुटणारा सही करायचा, येणारा सही करायचा.

महिन्याने अण्णांनी मीटिंगमध्ये ती वही मागवली. चष्मा लावून एकेक पान उलटलं. शेवटच्या पानावर ईराचं अक्षर होतं. "संध्याकाळी सात मुलं खाली खेळली. टिकलीने बघितलं. उठली नाही."

अण्णांनी वही मिटली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "वही बी चालू ठेवा."

माझा फॉर्म आता एक्केचाळीस प्रश्नांचा आहे. पहिला प्रश्न, या आठवड्यात शिफ्ट कोणती, आणि पुढच्या दोन आठवड्यांत? घरीही तीनदा जातो, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत. आणि कुणी लॅब म्हणालं की मी मान डोलावतो. लॅब सगळेच घेतात, त्याला कारण असतं.