पोटाला फिकट करडा

ललित तामोरेला गावात सगळे ‘फायटर’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. चेष्टा त्याला कळायची, पण तिच्यातलं कौतुक तेवढं उचलून तो पुढे जायचा. नवापूरच्या मच्छीमाराचा हा थोरला मुलगा होडीत पाय ठेवला की ओकायचा. शेवटी बापाने कंटाळून त्याला पालघरच्या आयटीआयला घातलं आणि तिथून तो कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटला. त्या कारखान्यात लढाऊ विमानांचा रंग तयार व्हायचा.

त्यानंतर गावाला शांतता राहिली नाही. लग्न असो, बारावं असो, ललित विमानाच्या रंगावर यायचा. “तुमचा होडीचा रंग म्हंजे चुना रे,” तो म्हणायचा. “विमानाचा रंग केसाहून पातळ. जास्त लावला तं वजन वाढतं.” एकदा मालाबरोबर त्याला कुठल्याशा हवाई तळावर पाठवलं होतं. जुना रंग उतरवायचा, पत्रा घासायचा, हिरवट प्रायमर मारायचा, मग वर चकाकी नसलेला करडा, हे सगळं त्याने तिथे डोळ्यांनी पाहिलं. विमानात कधी बसला नाही, पण गावात उतरला तो पायलट होऊन. आम्ही ‘फायटर’ म्हणायला लागलो ते त्या दिवसापासून.

एक गोष्ट मात्र खरी. त्याचा डोळा असामान्य होता. करड्याच्या दोन पट्ट्या आम्हाला सारख्या दिसायच्या. तो लांबून सांगायचा, हिच्यात निळा थेंबभर जास्त आहे. कारखान्यातलं मशीन आणि ललित यांचं भांडण झालं तर साहेब ललितचं ऐकत. मला त्याचा हेवा वाटायचा. माझं सगळं आयुष्य जाळी ओढण्यात गेलं आणि माझ्या कामाबद्दल ऐकायला कोणी थांबत नाही.

ललितचा धाकटा भाऊ धीरज. तो जन्मला तोच समुद्रासाठी. त्याची होडी लहान, फायबरची, मागे इंजिन टांगलेली. एकटाच जायचा आणि दुपारपर्यंत परत यायचा. बोलणं कमी, पण मोठ्या भावावर जीव. ललित विमानाचं पुराण लावायचा तेव्हा सगळं गाव तोंड फिरवायचं, धीरज तेवढा शंभराव्यांदा ऐकत बसायचा.

तीन वर्षांपूर्वी नारळी पुनवेच्या आधी कारखान्यात मुदत संपलेल्या रंगाचे डबे निघाले. ललितने साहेबाच्या हातापाया पडून सहा डबे मिळवले आणि गावात आणले. आमच्याकडे मोसमाआधी होडी रंगवतात. वरची बाजू हिरवी, पिवळी, ज्याला जी आवडेल ती. पण पोटाला लालच. होडी उलटली तर लाल पोट लांबून दिसतं. हे कोणी शिकवत नाही, बाप लावतो म्हणून मुलगा लावतो.

ललित कधी समुद्रावर गेलाच नव्हता. त्याने आठवडाभर सुट्टी काढली, धीरजची होडी घासली, जुन्या रंगावरच प्रायमर मारला, टेप चिकटवून स्प्रेने रंगवली. वर गडद करडा, पोटाला फिकट करडा. मी बघायला गेलो.

“पोट लाल ठेव,” मी म्हणालो.

“परतापदादा, फायटरचं पोट फिकटच असतं,” तो हसत म्हणाला. “वरून बघणाऱ्याला वाटावं समुद्र हाय, खालून बघणाऱ्याला वाटावं आभाळ हाय. ही स्कीम हाय स्कीम! लाल लावला तं सगळी शोभा जाईल.”

मी पुन्हा बोललो नाही. खरं सांगायचं तर त्याआधी मी त्याच्याकडे एक डबा मागितला होता आणि त्याने दिला नव्हता. माझ्या तोंडून काळजी नाही, जळफळाट बाहेर येतोय असं त्याला वाटलं. त्याचं चुकलं नाही. जळफळाटच होता.

धीरजला तो लाल रंगाचं विचारायला गेला नाही आणि धीरजही काही बोलला नाही. धीरजची बायको मंदा तेवढी म्हणाली, “भावोजी, ओळखू येल ना आमची होडी?” ललित म्हणाला, “पंधरा वरसं हात लावायला नको मंदा, खरवडून निघायचा नाय.” पुनवेला पूजा झाली तेव्हा सगळ्या होड्या सोडून लोक त्या होडीचे फोटो काढत होते. ललित शेजारी उभा राहून फोटोत येत होता.

सप्टेंबरात धीरज एका सकाळी गेला आणि दुपारी आला नाही. वारा उठला होता, आभाळ गच्च भरलेलं. संध्याकाळी आमच्या तीस-चाळीस होड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरही फिरलं. माझ्या होडीवर ललित होता. ओकत होता, तोंड पुसत होता, आणि पुन्हा होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून बघत होता. “डोळा माझा हाय, मला दिसंल,” एवढंच दर थोड्या वेळाने म्हणायचा. समुद्र करडा, आभाळ करडं. मधली रेघसुद्धा दिसत नव्हती.

चौथ्या दिवशी सातपाटीकडच्या एका होडीची जवळजवळ टक्कर झाली तेव्हा त्यांना धीरजची होडी सापडली. उलटी. धीरजने स्वतःला दोरीने इंजिनाच्या दांड्याला बांधून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन एक दिवसच झाला असेल. म्हणजे तीन दिवस तो त्या पोटावर बसून होता. आम्हाला, हेलिकॉप्टरला, सगळ्यांना बघत.

त्याच्याजवळ जाळं कापायची सुरी तेवढी उरली होती. त्या सुरीने त्याने होडीचं पोट खरवडलं होतं. करड्याखालून लाल बाहेर काढायला. भाकरीएवढा तुकडा निघाला होता. सुरीचं टोक मोडलेलं आणि नखं गेलेली. त्याला कळलं होतं, कुठे काय चुकलं ते. विमानाचं सगळं पुराण लक्ष देऊन ऐकणारा गावात तो एकटाच होता.

बाराव्यानंतर ललित माझ्याकडे आला. “दादा, आपून तिकडून गेलो होतो का?” त्याने विचारलं. मी नाही म्हणू शकत होतो. माझ्या होडीवर जीपीएस आहे, त्यात आमची वाट उमटलेली होती. सातपाटीवाल्यांनी सांगितलेली जागा आणि भरती-ओहोटीची ओढ मी आधीच लावून पाहिली होती. मी मशीन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धीरजपासून अर्ध्या किलोमीटरवरून गेलो होतो. तेव्हा ललित नाळेवर उभा होता आणि त्याच बाजूला बघत होता. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. मी सांगितलं. डबा दिला नव्हता म्हणून सांगितलं की धीरजसाठी सांगितलं, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

होडी मंदाने पोलिसांकडून सोडवून आणली आणि ललितच्या दारासमोर उलटी घालून ठेवली. एका संध्याकाळी ललित कारखान्यातून रंग उतरवायचं मशीन घेऊन आला. मी समोर माझ्या ओट्यावर होतो.

“सगळा काढून टाकतो मंदा,” तो म्हणाला. “लाल करून देतो.”

“मशीन नको,” मंदा म्हणाली. तिने पदराखालून ती मोडकी सुरी काढून त्याच्या हातात दिली. “हिनं काढा.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जाळं विणत होतो, विणत राहिलो. मग तो गुडघ्यांवर बसला.

तेव्हापासून कामावरून आला की रोज तो तासभर खरवडतो. रंग खरंच चांगला आहे. टोक नसलेली सुरी घसरते, बोटं कापतात, तो कापडाने पुसतो आणि पुन्हा लागतो. ‘फायटर’ आता कोणी म्हणत नाही. अधूनमधून मंदा बाहेर येते, वाकून होडीचं पोट बघते. पहिल्या पावसाळ्यात ती अशीच आली. धीरजने काढलेल्या लाल तुकड्यावर तिने तळहात ठेवला, मग शेजारच्या ललितच्या तुकड्यावर ठेवला. तो तळहाताखाली पुरता झाकला गेला.

“यांनी तीन दिवसांत केलं, उपाशी,” ती म्हणाली. “तुमचं नऊ म्हयन्यांत तेवढं नाय झालं, भावोजी.”

ललित मान खाली घालून म्हणाला, “व्हईल.”

मंदा आत जाऊन चुलीला लागली, आणि तो अंधार पडेपर्यंत खरवडत राहिला.