गजेंद्रला जिथून नेलं, तिथलं विद्यापीठ

पुष्पांजलीच्या मनात भीती शिरली ती एका दुपारी, बुलढाण्याच्या बसस्टँडवर. कॉलेज सुटलं होतं, तिच्या गावची, धाडची एसटी अजून लागायची होती, आणि कुठल्यातरी परदेशी नंबरवरून तिला व्हिडिओ कॉल आला. समोर तिचा मोठा भाऊ गजेंद्र होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"पुष्पा, बाबाले सांगू नको," एवढंच तो म्हणाला.

मग फोन दुसऱ्या कोणीतरी घेतला. त्या माणसाने चेहरा दाखवला नाही. शांत आवाजात, हिंदीत, त्याने तिच्या कॉलेजचं नाव सांगितलं, ती कोणत्या गावच्या गाडीने जाते ते सांगितलं, आणि पोलिसांत गेलीस तर भाऊ जिवानिशी जाईल आणि तूही जाशील, असं म्हणून कॉल बंद केला. गजेंद्रचा मोबाईल त्यांच्याच ताब्यात होता. तिचे फोटो, मेसेज, सगळं त्यात होतं.

गजेंद्र कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मलकापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी आहे, असं एका एजंटने सांगितलं आणि तो गेला. विमानतळावर त्याला घ्यायला गाडी आली होती. ती शहरात गेलीच नाही. दिवसभर चालून एका नदीकाठी थांबली. नावेतून पलीकडे नेलं, तो म्यानमार होता. तिथं उंच भिंतींच्या आत त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. मुलीच्या नावाने अनोळखी माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना फसवायचं, हे काम. जमलं नाही की मार आणि विजेचे झटके. हे सगळं घरी कळलं ते फार पुढं. त्या दुपारी पुष्पांजलीपाशी फक्त एक सुजलेला डोळा होता.

ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तक्रार कशी करायची हे तिला पाठ होतं, पण पाय उचलत नव्हता. ती स्कार्फने तोंड बांधून जायला लागली. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची. फाट्यावर एखादी जीप जरा जास्त वेळ उभी राहिली की ती जवळच्या टपरीत शिरायची. घरी आई, वंदनाबाई, गजेंद्रचा फोन काऊन येत नाही म्हणून विचारायच्या, आणि ही ताटावरून उठून जायची.

शेवटी तिने वडिलांना सांगितलं. हिंमतराव मळ्यात बांधावर बसून बाजारासाठी मिरची निवडत होते. ऐकताना त्यांचे हात चालूच होते, मग थांबले. चल, ठाण्यात जाऊ, असं ते म्हणाले तेव्हा तिने ती धमकी सांगितली.

"मंग तुले एकटीले पाठवत नाही," हिंमतराव म्हणाले. "मी येतो. तुही मायही येते."

तिघं गेले. ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तक्रारही लिहून घेतली. असं नेलेल्या पोरांकडून फोनवर फसवणूक करवून घेतात, हे त्यांना आधीच्या प्रकरणांवरून ठाऊक होतं. मग त्यांनी सरळ विचारलं, की तुमचा मुलगा तिथं बसून लोकांना लुबाडतो आहे, उद्या तो परत आला तर मी त्याला पीडित समजू की आरोपी? प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. तोवर पुष्पांजलीला भाऊ परत येणार नाही याची भीती होती. आता तो परत येईल याचीही वाटू लागली.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता तिला इंटरनेटवर एक व्याख्यान सापडलं. बँकॉकच्या एका विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापिका बोलत होत्या. ज्याला डांबून ठेवून गुन्हा करायला लावला, त्याला त्या गुन्ह्याची शिक्षा होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या कायद्यात मानलं जातं. पण सीमेवर जबाब घेणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतं, असं त्या सांगत होत्या. पुष्पांजलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना मेल केला. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांचं एक मदत केंद्र चालायचं. तिथून उत्तर आलं: कॉलमध्ये मागे काय दिसत होतं? तिने त्या वेळी घाबरत का होईना, स्क्रीनशॉट काढला होता. खिडकीतून निळ्या पत्र्याची छपरं आणि एक मनोरा दिसत होता. त्यावरून तिथल्या विद्यार्थ्यांनी जागा ओळखली आणि गजेंद्रचं नाव भारताच्या दूतावासाकडे पोचवलं.

काही महिन्यांनी तिथं धाड पडली. सुटलेल्यांना नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत आणलं. तिथून गजेंद्र सरकारी विमानाने भारतात आला. त्याची चौकशी झाली. बँकॉकच्या मदत केंद्राने तो कायदा समजावून एक टिपण पाठवलं होतं, ते घेऊन पुष्पांजली वकिलांसोबत प्रत्येक वेळी हजर राहिली. आरोपी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून त्याचं नाव लागलं. पण घरी आलेला गजेंद्र दार लोटलं तरी दचकायचा. मळ्यापलीकडे जायचा नाही.

एलएलबी झाल्यावर पुष्पांजलीने मानवी हक्कांच्या कायद्यात पुढं शिकायचं ठरवलं. दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडे शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला. एक विद्यापीठ युरोपातलं, जगभर नाव असलेलं. दुसरं बँकॉकचं, त्याच प्राध्यापिकांचं. कॉलेजमधल्या सरांनी युरोपच सुचवलं. पुढं त्या नावावर दारं उघडतात. तिलाही मनातून तेच हवं होतं, पण कारण वेगळं होतं. युरोप त्या नदीपासून लांब होता.

तिने दोन्हीकडे विचारलं की पहिल्याच वर्षी विद्यार्थी, सुटून आलेल्या माणसांचे जबाब घ्यायला बसतात का. युरोपातून प्रामाणिक उत्तर आलं, की आमच्याकडे भर न्यायालयांच्या आणि करारांच्या अभ्यासावर आहे, तसं काम पदवीनंतर मिळू शकेल. बँकॉकहून उत्तर आलं, की दुसऱ्या सत्रात सीमेवरच्या छावणीत जबाब घ्यायला जावं लागतं, आणि ज्यांना झेपत नाही ते परत येतात, त्यात कमीपणा नाही.

घरात बँकॉकचं नाव निघालं तेव्हा वंदनाबाई रडायला लागल्या. गजेंद्र खोलीतून अंगणात आला.

"युरोप भेटून राह्यलं न तुले? मंग तिथं काऊन जाऊन राह्यली?"

तिने उलट विचारलं, "छावणीत तुहा जबाब लिहून घेतला, तवा हिंदी समजणारं कोणी होतं?"

"नव्हतं." तो खाली बघत म्हणाला. "मी पाठीचे वळ दाखवले. त्याइनं लिहिलं, राजीखुशीनं आला होता. ते मले इकडं आल्यावर कळलं."

तो ओट्यावर टेकला.

"मले भेव वाटते, पुष्पा."

"मलेही वाटते, दादा."

त्या संध्याकाळी गजेंद्र पहिल्यांदा सलग बोलला. पासपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा नाही, हॉटेलवाला मागेल तर झेरॉक्स द्यायची. न्यायला आलेल्या गाडीत लगेच बसायचं नाही. ती शहराबाहेर वळली तर सिग्नलला दार उघडून उतरायचं, सामान राहू द्यायचं. हिंमतराव ऐकत होते. जा किंवा जाऊ नको, दोन्ही त्यांनी म्हटलं नाही. सकाळी त्यांनी तिचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून सुतळी बांधून दिली.

बँकॉकच्या विमानतळावर विद्यापीठाची बाई तिच्या नावाची पाटी घेऊन उभी होती. पुष्पांजली लगेच गाडीत बसली नाही. ओळखपत्र मागितलं, प्राध्यापिकांना व्हिडिओ कॉल लावून या बाईला ओळखता का, असं विचारलं. बाई रागावली नाही. खूप मुली असंच करतात, असं ती म्हणाली आणि गाडीचा नंबर स्वतःच दाखवला.

दुसऱ्या सत्रात ती छावणीत गेली. पहिल्या दिवशी तिच्यासमोर उत्तर प्रदेशातल्या आझमगढचा एक माणूस बसला. त्याची दोन बोटं मोडून वाकडी जुळलेली होती. तिने हिंदीत नमस्कार केला तेव्हा त्याने खुर्ची पुढं ओढली.

"दीदी, यहाँ से वापस तो नहीं भेजेंगे?"

नाही, असं तिने सांगितलं. तुमच्या मर्जीशिवाय जे करवून घेतलं, ते तसंच लिहिलं जाईल, हेही सांगितलं. खिडकीतून नदी दिसत होती आणि पलीकडे निळी छपरं. ती कागदाकडेच बघत लिहीत राहिली. तो माणूस थांबला की तीही थांबायची. जबाब पुरा झाला, त्याने अंगठा न लावता हिंदीत सही केली, आणि पुढं त्याला आरोपी धरलं गेलं नाही.

बाहेर आल्यावर ती भिंतीला धरून ओकली. प्राध्यापिकांनी पाणी दिलं आणि उद्या सुट्टी हवी का, असं विचारलं. नको, असं ती म्हणाली. फक्त माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा, एवढं तिने मागितलं.

पदवी झाली तरी ती अजून तिथंच, छावणीत जबाब लिहून घेते आहे. खुर्चीही तशीच, खिडकीकडे पाठ करून.